दोन तोंडांची किल्ली

तुमच्यापैकीं पुष्कळांच्या दप्तरांत घराची एक किल्ली असते. कारण आईवडील दोघेंही पिंपरीच्या नाहीं तर चाकणच्या कारखान्यांत कामास जातात, आणि शाळेंतून परतणाऱ्या मुलास दार स्वतःच उघडावें लागतें. ती किल्ली बाहेर काढून क्षणभर न्याहाळून पाहा. तिच्या एका कांठावर डोंगराच्या रांगेसारखे उंचसखल दांते दिसतील. ते कारागिराच्या लहरीनें पाडलेले नसतात. कुलुपाच्या पोटांत एक फिरता दांडा असतो आणि त्याला ओळीनें पांच-सहा भोंकें असतात. प्रत्येक भोंकांत एकावर एक अशा दोन बारीक खिळ्या असून त्यांना वरून एक लहानशी कमान दाबून धरते. खोटी किल्ली घातली तर कांहीं खिळ्या कमी उचलल्या जातात, कांहीं जास्त, आणि त्या दांड्याला फिरूं देत नाहींत. खरी किल्ली घातली म्हणजे प्रत्येक जोडीचा सांधा बरोबर दांड्याच्या कडेशीं येतो व दांडा निर्वेध फिरतो.

येथें गणिताची आवड असणाऱ्यांसाठीं एक हिशेब सांगतों. खिळ्या पांच आणि प्रत्येक खांचेची खोली सहा प्रकारची असूं शकते, असें धरा. तर किती निरनिराळ्या किल्ल्या होतील? सहाचा पांच वेळां गुणाकार केल्यास उत्तर ७,७७६ येतें. प्रत्यक्षांत कारखानदार यांतील कांहीं रचना टाकून देतात. कारण एक खांच फार खोल व तिच्या शेजारची अगदीं उथळ अशी किल्ली कुलुपांत नीट सरकत नाहीं.

ही युक्ति अमेरिकेंतील लायनस येल (धाकटे) यांनीं १८६१ सालीं आजच्या रूपास आणिली. परंतु तिचें मूळ फार प्राचीन आहे. मिसर देशांत लांकडी खिळ्यांचीं कुलुपें होतीं आणि त्यांच्या किल्ल्याही लांकडी व हातभर लांब असत. यशयाच्या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायांत किल्ली खांद्यावर ठेवण्याचा उल्लेख आहे, तो वाचून लहानपणीं मला हंसूं येई. तेवढी मोठी किल्ली असे हें कळल्यावर हंसूं थांबलें. विलायतेंत रॉबर्ट बॅरन यानें १७७८ सालीं निराळ्या तऱ्हेचें, तरफांचें, कुलूप काढिलें. १७८४ सालीं जोसेफ ब्रामा यानें तर असें कुलूप केलें कीं, तें किल्लीवांचून उघडणारास दोनशें गिनी देऊं अशी पाटीच त्याच्या दुकानाच्या खिडकींत लागली. ती पाटी कित्येक दशकें तशीच होती. अखेर १८५१ सालच्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळीं हॉब्स नांवाच्या अमेरिकन कारागिरानें सोळा दिवसांत मिळून ५१ तास खटपट करून तें उघडलें. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनीं १८९७ सालीं मुंबईस लालबागेंत कुलुपांचा कारखाना घातला, आणि अलीगढ व दिंडीगल हीं गांवें तर कुलुपांसाठींच प्रसिद्ध आहेत.

आतां किल्लीची नक्कल कशी करितात तें पाहूं. यंत्राला दोन चिमटे असतात. एकांत मूळ किल्ली धरितात, दुसऱ्यांत कोरी. एक बोथट बोट मूळ किल्लीच्या कांठावरून फिरतें आणि त्याच्याच चालीनें एक तीक्ष्ण चाक कोऱ्या किल्लीवर खांचा पाडितें. दोन मिनिटांचें काम! परंतु यंत्राला डोळे नाहींत. मूळ किल्ली झिजलेली असेल तर ती झीजही तें इमानानें उतरवून घेतें. शेजाऱ्याच्या वहींतून गणितें उतरविणारा विद्यार्थी जशा त्याच्या चुकाही उतरवितो तसेंच. नकलेवरून नक्कल, तिच्यावरून तिसरी, असें करीत गेलें म्हणजे शेवटची किल्ली दारापाशीं अडते. जाणता कारागीर खांचांची खोली मोजतो, कारखान्याचें मूळ माप काय असावें हें ओळखतो आणि त्या मापानें नवी किल्ली कापतो. शिवाय, कोरी किल्लीच मिळाली नाहीं तर यंत्र काय करणार? किल्लीच्या अंगावर ज्या लांबट पन्हळी असतात त्या कुलुपाच्या तोंडाशीं जुळाव्या लागतात, आणि अशा कोऱ्या किल्ल्यांचे प्रकार हजारोंनीं आहेत. म्हणून आपल्या पेटीच्या किल्लीची कोरी जोड परदेशांत मिळेलच असें नाहीं, आणि तिकडची येथें मिळेलच असेंही नाहीं.

हें मला पुस्तकांतून कळलें नाहीं. २०१८ सालच्या उन्हाळ्याच्या सुटींत मी माझ्या थोरल्या बहिणीसह, म्हणजे आक्कासह, बर्लिन शहरीं गेलों होतों. तिचा मुलगा देहूरोडला वाढला, चाकणला मोटारीच्या एका कारखान्यांत काम शिकला आणि तेथून जर्मनीस नोकरीवर गेला. तो वेडिंग नांवाच्या भागांत, पहिल्या महायुद्धापूर्वीं बांधलेल्या एका जुन्या चाळवजा इमारतींत राहत असे. पहिल्याच दिवशीं त्यानें माझ्या हातीं रस्त्यावरच्या मोठ्या दाराची किल्ली दिली. ती पाहून मी थक्क झालों. तिला धरावयाची मूठच नाहीं! पोलादी दांडी, आणि दोन्ही टोंकांस सारखेच दांते.

भाचा म्हणाला, “मामा, दार उघडून झाल्यावर ही मागं ओढायची नाही. भोकातून पलीकडे ढकलायची.”

ही ‘बर्लिनची किल्ली’ होय. योहान श्वायगर नांवाच्या तेथील कुलूपकारानें ती काढिली आणि १९१२ सालीं तिचें पेटंट झालें. तिची योजना मोठी गमतीची आहे. रात्रीं बाहेरून किल्ली घालून फिरविली कीं कुलूप उघडतें, परंतु किल्ली बाहेर निघत नाहीं. ती आरपार ढकलावी, आंत जावें, दार लावावें आणि आंतल्या बाजूस आलेल्या टोंकानें पुन्हां कुलूप लावावें. तेव्हांच ती सुटते. दार उघडें टाकून कोणी निघून जाऊं नये म्हणून हा सारा खटाटोप. चाळीच्या रखवालदाराजवळ एक निराळी किल्ली असते. तिनें तो दिवसा कुलूप मोकळें ठेवितो आणि रात्रीं पुन्हां सक्ती सुरू करितो. ब्रूनो लातूर नांवाच्या फ्रेंच पंडितानें या किल्लीवर एक निबंध लिहिला आहे. माणसानें पाळावयाचा नियम लोखंडांत ओतला म्हणजे काय होतें, हा त्याचा विषय. अशीं दारें आतां त्या शहरांतही थोडींच उरलीं आहेत.

परंतु या योजनेंत एक उणें आहे, आणि तें आम्हांस लवकरच भोंवलें. रात्रीं आंत असलेल्या माणसाजवळ किल्ली नसेल तर त्यालाही बाहेर पडतां येत नाहीं. घरांत किल्ल्या दोन. एक भाच्याजवळ, त्याची रात्रपाळी, दुसरी माझ्याजवळ. एका रात्रीं आगगाडी चुकून मला परतावयास उशीर झाला. दार उघडून पाहतों तों आक्का जिन्याच्या तळाशीं, पदर तोंडाशीं धरून बसलेली. तिला दम्याचा विकार आहे. औषधाची फवारणी संपली म्हणून रिकामी डबी हातांत घेऊन ती कोंपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाकडे निघाली होती. पण दार उघडेना. परक्यांच्या घंटा वाजविण्याचा तिला संकोच वाटला. किती वेळ बसली होती हें तिनें मला अद्याप सांगितलेलें नाहीं. मी धांवत जाऊन औषध आणिलें. त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तिसऱ्या किल्लीच्या शोधार्थ आम्ही निघालों. रेल्वे स्थानकांत जोड्यांच्या टांचा बसविणारा व किल्ल्या कापणारा एक माणूस होता. युरोपांत हे दोन धंदे बहुधा एकाच दुकानांत चालतात. त्यानें किल्ली पाहिली, हंसला आणि परत दिली. मोठ्या लोखंडी सामानाच्या दुकानांत तर विक्रेत्याला ती किल्ली आहे हेंच पटेना. जाहिरातींतील एका फिरत्या कुलूपवाल्यास दूरध्वनि केला. त्यानें काम काय हें नीट ऐकण्यापूर्वींच नुसतें येण्याचे म्हणून इतके पैसे सांगितले कीं भाच्यानें हळूच दूरध्वनि ठेवून दिला. शेवटीं ज्याला प्रथम विचारावयास पाहिजे होतें त्याला आम्ही विचारलें. तो म्हणजे चाळीचा रखवालदार. त्यानें शेजारच्या भागांतील एका म्हाताऱ्या कुलूपकाराचा पत्ता दिला.

त्या कारखान्यांत शेगडा, कानशी आणि तेलाचा वास. देहूरोडच्या एखाद्या लोहारशाळेंत आल्यासारखें वाटलें. म्हाताऱ्यानें चष्मा वर करून किल्ली उलटसुलट पाहिली आणि पहिला प्रश्न केला, तो पैशाचा नव्हे. घराच्या व्यवस्थापकाची चिठ्ठी आहे काय? नव्हती. ती आणण्यांत दोन दिवस गेले. मग त्यानें मापें घेतलीं आणि किल्ली ठेवून घेण्याऐवजीं आम्हांस परत दिली; आम्ही एक किल्ली कमी करून राहूं नये हें त्यास कळलें होतें. तिसऱ्या दिवशीं नवी किल्ली मिळाली. दाराशीं येऊन पाहतों तों एक तोंड लोण्यासारखें फिरलें, दुसरें अडलें. साध्या किल्लींत एक चूक एकदांच नडते. येथें दोन्ही टोंकें एकाच मापाचीं पाहिजेत. पुन्हां गेलों. त्यानें दिव्यापुढें ती धरून चकाकलेली जागा शोधली, बारीक कानस तीन-चार वेळां फिरविली, फुंकर मारली आणि झालें. त्यानें चाळीस युरो घेतले. ते मला महाग वाटले नाहींत.

आमच्या खोलीच्या दाराची किल्ली मात्र अगदीं नवी, दांत्यांऐवजीं चपट्या अंगावर खळगे असलेली. तिच्यासोबत एक ओळखपत्र येतें व तें दाखविल्यावांचून तिची नक्कल कोणी करून देत नाहीं. मुलांकडे परदेशीं जाणाऱ्या पालकांनीं हें ध्यानांत ठेवावें. तेथें पुष्कळ इमारतींत मुख्य दार, तळघर व सर्व खोल्या एकाच किल्लीयोजनेंत गोंवलेल्या असतात. एक किल्ली हरवली तर सगळीं कुलुपें बदलण्याचा खर्च घरमालक मागूं शकतो. एका भाडेकरूला एक किल्ली परत देतां आली नाहीं म्हणून घरवाल्यांनीं सुमारें दीड हजार युरो मागितले होते. कुलुपें खरोखर बदललीं तरच खर्च मागतां येईल, नुसत्या अंदाजावर नाहीं, असा निवाडा तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयानें ५ मार्च २०१४ रोजीं दिला. तेव्हां किल्लीवर पत्ता लिहूं नये. फिरत्या कुलूपवाल्यास बोलावणें भाग पडलें तर एकूण रक्कम आधीं ठरवून घ्यावी. आणि किल्लीचें छायाचित्र कोणास पाठवूं नये. कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं २००८ सालीं सुमारें १९५ फुटांवरून टिपलेल्या छायाचित्रावरून किल्ली करून दाखविली आहे.

असो. मी जूनमध्यें एकटाच परतलों. देहूस पोंचून कोट खुंटीवर टांगला तों खिशांत खण्‌ आवाज झाला. ती नवी किल्ली! मनांत आलें, परत पाठविण्यापूर्वीं आपल्या कारागिरास ही दाखवावी. देहूरोडच्या बाजारांत एक वृद्ध सरदारजी पत्र्याची पेटी व कोऱ्या किल्ल्यांचा घोंस घेऊन बसत. हे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार व झिलई देणाऱ्यांचे वंशज. हत्यारांचा धंदा बुडाल्यावर या लोकांपैकीं पुष्कळ सुऱ्या, विळ्या व किल्ल्या यांकडे वळले. मूळ किल्ली हरवली तरी कोरीला काजळी धरून ती कुलुपांत घालावी, काजळीवर उमटलेल्या खुणा पाहाव्या, तेवढेंच घासावें, पुन्हां घालावी, असें करीत हे लोक नवी किल्ली घडवितात; आमच्या शाळेचें एक जुनें कपाट त्यांनींच उघडून दिलें होतें.

त्यांनीं किल्ली तळहातावर तोलली, नखानें दोन्ही टोंकें चाचपलीं.

“सर, ही मशीनवर कापलेली नाही,” ते म्हणाले. “आणि ह्या टोकाला कुणीतरी नंतर हातानं कानस मारलीय. चांगला हात आहे त्याचा.”

“तुम्ही अशी दुसरी कराल?”

“दोन तास द्या. पण दार कुणाचं?”

मी सर्व हकीकत सांगितली.

“मग त्या घरवाल्याला विचारलंय का?”

विचारलें नव्हतें, चिठ्ठींत एकाच किल्लीचें नांव होतें, आणि दुसरीची मला गरजही नव्हती. केवळ जमतें काय हें पाहण्याची हौस. मी तसें म्हणालों. त्यांनीं किल्ली वर्तमानपत्राच्या तुकड्यांत गुंडाळून माझ्या हातीं दिली व चहा मागविला. पैसे मला देऊं दिले नाहींत.

दुसऱ्या दिवशीं ती नोंदणी करून टपालानें रवाना केली. तीन आठवड्यांनीं भाच्याचें पत्र आलें: किल्ली पोंचली, दोन्ही तोंडांनीं फिरते, आणि आतां ती आईच्या गळ्यांत दोरीला अडकविलेली असते.