ताई, ते तेल घेऊ का?

तू विचारलंस हे फार बरं केलंस. कंबरदुखीवर गांजाच्या पानांचं तेल मिळतं, ते घेऊ का, हा प्रश्न आपल्याकडे घरात तोंडातून काढणंही अवघड. सासूबाईंच्या कानावर गेलं तर त्यांना वाटणार सून वाईट नादाला लागली, आणि कारखान्यात लाइनवर कुणाला कळलं तर दिवसभर तीच कुजबुज. म्हणून बायका एकतर हे मनातच ठेवतात, नाहीतर मोबाईलवरची जाहिरात बघून गुपचूप बाटली मागवतात. तू या दोन्हीतलं काही केलं नाहीस. आता मला जे ठाऊक आहे ते सगळं सांगते, मग ठरव.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. आराम मागणं म्हणजे चोचले नव्हेत. आठ तास लाइनवर उभं राहायचं, वाकून ट्रे उचलायचे, वर ओव्हरटाइम, मग चाकणहून कंपनीच्या बसने आकुर्डीला उतरायचं आणि आल्या आल्या कणीक मळायला घ्यायची. त्या कंबरेने तक्रार केली तर चूक तिची नाही. दुखणं तीन महिन्यांच्या वर टिकलं की डॉक्टर त्याला जुनाट दुखणं म्हणतात, आणि ते ताज्या दुखण्यापेक्षा वेगळं असतं. मूळ इजा भरून आली तरी नसा आणि मेंदू जुनाच निरोप पाठवत राहतात. झोप मोडली, काळजी वाढली, हालचाल कमी झाली की तो निरोप आणखी मोठ्याने येतो. म्हणून अशा दुखण्याला एकच गोळी, एकच तेल कधी पुरत नाही. ही गोष्ट धरून पुढचं ऐक.

तेलात काय असतं ते साधं सांगते. या झाडात दोन घटक मुख्य. एक टीएचसी, त्यानेच नशा चढते, आणि दुखण्याची जाणीवही थोडी बोथट होते. दुसरा सीबीडी, त्याने नशा चढत नाही. आपल्या शरीरात आधीपासूनच अशा पदार्थांना प्रतिसाद देणाऱ्या जागा असतात, मेंदूत आणि नसांमध्ये, म्हणून हे झाड दुखण्यावर काही तरी करतं. ती थाप नाही. आपल्या वैद्यांना ते शेकडो वर्षं माहीत आहे. आयुर्वेदात याला विजया म्हणतात आणि ते शुद्ध करूनच वापरायचं असं सांगितलं आहे. पण जातिफलादि चूर्णासारखी जी जुनी विजयायुक्त औषधं आहेत, त्यांचा मुख्य वापर पोटाच्या विकारांवर, ग्रहणीवर. कंबरेच्या मणक्यासाठी रोज थेंब घ्यायची पद्धत अलीकडची आहे. कुणी तुला ‘पाच हजार वर्षांचा उपाय’ म्हणून बाटली विकली तर एवढं लक्षात ठेव.

मग उपयोग होतो का? खरं ते सांगते. 2021 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तज्ज्ञांनी जगभरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. ओढून घेतलेला धूर नव्हे, तोंडाने घ्यायचं औषध. शंभर जणांना खरं औषध आणि शंभर जणांना तसंच दिसणारं खोटं औषध दिलं, तर खऱ्याच्या गटात जाणवण्याइतका आराम मिळालेले साधारण दहा जण जास्त निघाले. झोपेतही थोडाच फरक. त्यावरून तिथल्या तज्ज्ञांनी सांगितलं की नेहमीचे उपचार करूनही भागलं नाही तर प्रयोग म्हणून देऊन बघायला हरकत नाही, आणि ही शिफारस कमकुवत आहे हेही त्यांनीच लिहून ठेवलं. त्याच वर्षी दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयएएसपीने, सरसकट वापराला पाठिंबा द्यायला नकार दिला. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2019 मध्येच जुनाट दुखण्यासाठी सीबीडी देऊ नका असं सांगितलं होतं. म्हणजे काहींना थोडा फायदा, पुष्कळांना काहीच नाही, आणि तू कोणत्या गटात पडशील ते आधी कुणीच सांगू शकत नाही. ही आशा सोड असं मी म्हणत नाही. तिची किंमत ओळखून पैसे खर्च कर, एवढंच.

आता कायदा, कारण इथे चूक झाली तर कंबरेपेक्षा मोठं दुखणं मागे लागतं. 1985 च्या अमली पदार्थांच्या, म्हणजे एनडीपीएस, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. चरसही त्याच कायद्यात येतो. निव्वळ पान आणि बी, सोबत शेंडा नसेल तर, त्या व्याख्येत येत नाहीत. या फटीतूनच पानांच्या अर्काची आयुर्वेदिक औषधं कायदेशीरपणे बनतात. पण ‘पान चालतं’ म्हणणारे अर्धंच सांगतात. आपल्या महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय भांग, म्हणजे हे पानही, जवळ ठेवता येत नाही. तेव्हा कुणी घरी वाटून दिलेली गोळी, कुणी गावाहून आणलेला पाला, यातलं काही घेऊ नकोस. आणि गांजाची पुडी तर नाहीच. एक किलोपर्यंतचा गांजा कायद्याच्या लेखी थोडा, पण त्या थोड्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दुखतं म्हणून घेतला, हे तिथे कुणी ऐकून घेत नाही. शिवाय पुडीत काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि धुराने फुप्फुसं जातात ती वेगळीच.

परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवायचा विचारही नको. चाकणच्या कंपन्यांतून जर्मनीला गेलेली आपली कितीतरी मुलं आहेत. तिथे मार्च 2017 पासून डॉक्टर चिठ्ठीवर हे औषध देऊ शकतात, अमेरिकेत न्यू जर्सीनेही 2010 मध्ये तसा कायदा केला. पण तिथली चिठ्ठी आपल्या विमानतळावर चालत नाही. दिराने मायेने आणलेली एक बाटली त्याची नोकरी आणि पासपोर्ट दोन्ही घालवू शकते. डिसेंबर 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वात कडक यादीतून काढलं आणि भारताने त्या बाजूने मत दिलं, हेही खरं. पण त्या मताने आपला कायदा बदललेला नाही.

मग सरळ वाट कोणती? नोंदणीकृत आयुर्वेदिक डॉक्टर, त्यांनी तपासून दिलेली चिठ्ठी, आणि परवानाधारक कारखान्याचं औषध. बाटली हातात घेतलीस की आधी लेबल वाच. आयुर्वेदिक औषध बनवण्याचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत, पानाचाच अर्क असल्याचा उल्लेख, आणि वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं ही सूचना इंग्रजी आणि हिंदीत. विजया औषध नियमांतल्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणून ती सूचना छापणं बंधनकारक आहे. टीएचसी आणि सीबीडी किती हे विचार, आणि तपासणीचा अहवाल माग. देत नसतील तर ती बाटली तिथेच ठेव. आणखी एक फसगत टाळ. भांगेच्या बियांचं तेल हे खाद्यतेल आहे, नोव्हेंबर 2021 पासून अन्नसुरक्षा पाहणाऱ्या एफएसएसएआयने बियांना अन्न म्हणून मान्यता दिली आहे. ते पौष्टिक असेल, पण त्यात दुखणं थांबवणारे घटक जवळजवळ नसतात. जाहिरातीतल्या हिरव्या पानाच्या चित्रावर जाऊ नकोस.

डॉक्टरांकडे बसलीस की काही लपवू नकोस. दिवस गेलेले असतील किंवा तशी इच्छा असेल, बाळ अंगावर पीत असेल, तर हे औषध नाही. माहेरी किंवा तुला स्वतःला कधी भास होणं, संशयाने पछाडणं असं झालं असेल तर नाही. हृदयाचे ठोके अनियमित असतील, यकृताचा त्रास असेल, रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा फिटची गोळी चालू असेल तर आधी सांगायचं, कारण सीबीडी अशा काही औषधांचं रक्तातलं प्रमाण बदलतो. झोपेच्या गोळीबरोबर घेतलंस तर गुंगी आणखी वाढेल. आणि सवय लागत नाही असं कुणी म्हणालं तर मानू नकोस, गांजा वापरणाऱ्यांत साधारण दहांतल्या एकाला ती लागते.

सुरू करायचंच ठरलं तर सुट्टीच्या आदल्या रात्री, घरात कुणी मोठं माणूस असताना, डॉक्टरांनी सांगितलेल्या कमीत कमी मात्रेने. पोटातून घेतलेलं औषध चढायला दोन तासही लागू शकतात. ‘काहीच होत नाही’ म्हणून लगेच दुसरा डोस घेणं हीच बहुतेकांची चूक, आणि मग मध्यरात्री घशाला कोरड, छातीत धडधड, डोकं गरगरणं. असर सहा-आठ तास टिकतो. म्हणून त्या काळात स्कूटर नाही, आणि प्रेसजवळ, कन्व्हेयरजवळ तर मुळीच उभं राहायचं नाही. पंचिंगच्या प्रेसखाली हात जायला क्षणभराची डुलकी पुरते. नाइट शिफ्ट असेल त्या आठवड्यात हे औषध तुझ्यासाठी नाही, हे आत्ताच ठरवून ठेव. कंपनीत नशेची तपासणी होत असेल तर टीएचसी लघवीत सापडतो, चिठ्ठी जवळ असली तरी.

फायदा मोजायचा कसा तेही सांगते. दुखणं दहांपैकी किती, हे लिहून फारसं हाती लागत नाही, तो आकडा मनःस्थितीप्रमाणे हलतो. एका वहीत लिही: रात्री किती वेळा जाग आली, किती पायऱ्या न थांबता चढले, पाण्याची बादली उचलली का, मुलाला शाळेत सोडायला चालत गेले का. महिनाभर लिहिल्यावर या कामांत फरक दिसला तर डॉक्टरांशी बोलून पुढे चालू ठेव. दिसला नाही तर बंद कर, मात्रा वाढवत बसू नकोस. औषध तुझं जगणं परत देत असेल तरच त्याचा खर्च सार्थकी लागला.

आणि आता माझं मुख्य सांगणं. हे तेल रांगेच्या शेवटी उभं कर. तू ते पहिल्यांदा धरायला निघालीस, याचं मला वाईट वाटतं, कारण आधीच्या हक्काच्या गोष्टी तुला कुणी सांगितल्याच नाहीत. तुझ्या पगारातून दर महिन्याला ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पैसे कापले जातात, पाऊण टक्का तुझा, सव्वातीन टक्के मालकाचे. कॉन्ट्रॅक्टवर असलीस तरी ते तुझेच आहेत. पगारपत्रकावर कपात दिसते का बघ, आपला आयपी, म्हणजे विमाधारकाचा, नंबर घे. चिंचवडच्या मोहननगरमधलं कामगार विमा रुग्णालय आकुर्डीपासून जवळ आहे. आजारपणाची रजा घ्यावी लागली तर पात्रतेच्या अटी पुऱ्या असल्यास वर्षात 91 दिवसांपर्यंत साधारण 70 टक्के पगार मिळतो. ईएसआय नसेल तर पिंपरीचं वायसीएम रुग्णालय आहे, आकुर्डीतच महापालिकेचं कुटे रुग्णालय आहे.

तिथे अस्थिरोग तज्ज्ञांना दाखव, आणि फिजिओथेरपी लिहून माग. एमआरआयमध्ये ‘गॅप’ दिसली म्हणून घाबरू नकोस, न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांच्या मणक्यातही ती दिसते. कंबरदुखीत पडून राहण्यापेक्षा हालचाल चांगली, हे आता जगभर मान्य आहे. पाठ-पोटाचे व्यायाम रोज, आणि संध्याकाळी विठ्ठल मंदिरापासून खंडोबा माळ चौकापर्यंत चालणं. पायात मुंग्या, चटका येत असेल तर नसेच्या दुखण्याची वेगळी औषधं असतात, तिथे साध्या पेनकिलरने भागत नाही. आणि मेडिकलमधून रोज उचललेली पेनकिलर थांबव, ती पोटाला आणि किडनीला खाते. लेबल नसलेली ‘देशी’ पुडी तर नकोच, तसल्या पुड्यांत स्टेरॉइड सापडलेलं आहे. लाइनवर सुपरवायझरला पायाखाली रबरी मॅट आणि ट्रेची उंची वाढवायला सांग. एकटीने सांगू नकोस, तुमच्या लाइनवरच्या चौघी-पाच जणी मिळून लेखी द्या. दुखणं तुम्हा सगळ्यांचं आहे.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबायचं नाही. लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पाऊल लुळं पडणं, दुखण्यासोबत ताप किंवा कारण नसताना वजन घटणं. यातलं एकही दिसलं तर त्याच रात्री रुग्णालयात. आणि घरात कुणाला कॅन्सरचं दुखणं असेल तर त्यांना तेलाच्या भरवशावर ठेवू नका. 2014 मध्ये एनडीपीएस कायदा बदलल्यापासून वेदनाशामक मॉर्फिन मिळणं सोपं झालं आहे, आणि वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर 1997 पासून अशा रुग्णांची सेवा मोफत करतं.

येत्या गुरुवारी सुट्टी असेल तेव्हा ईएसआय कार्ड, जुने एक्स-रे आणि सध्या घेतेस त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भर. दवाखान्यात एकटीला जायला नको वाटलं तर मला सांग, मी रांगेत तुझ्याबरोबर उभी राहीन. दोन-तीन महिने व्यायाम आणि नीट उपचार करूनही झोप लागत नसेल, तर त्या तेलासाठी आपण दोघी मिळून चांगल्या वैद्यांकडे जाऊ. आणि तेव्हा नवऱ्याला, सासूबाईंना आधी सांगू. आराम हा तुझा हक्क आहे गं, तो लपूनछपून घ्यायची वेळ तुझ्यावर येऊ नये.