कामगाराची सावधानता आणि अपघात-प्रतिबंध

आषाढ लागला की भोर आणि वेल्हे भागात भातलावणीची धांदल उडते. येथील कित्येक घरांत शेती व कारखान्यातील नोकरी एकत्र नांदतात. दिवसभर चिखलात वाकून रोपे लावणारा माणूस रात्री पुणे-सातारा मार्गालगतच्या कारखान्यात तिसऱ्या पाळीला यंत्रापुढे उभा राहिला, तर तो निष्काळजी असतो असे नव्हे. तो जागा असतो. थकलेले असते ते त्याचे लक्ष. सलग १७ तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्याइतकी खालावते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले. मद्याचा वास तरी येतो!

हा थकवा मोजता येतो. डिंगेस व पॉवेल यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या चाचणीत दहा मिनिटे अनियमित अंतराने खूण दिसते आणि ती दिसताच कळ दाबावयाची असते. अर्ध्या सेकंदाहून अधिक विलंब झाल्यास लक्ष सुटल्याची नोंद होते. अर्धा सेकंद क्षुल्लक वाटेल; परंतु वरंधा घाटात ताशी ३६ किलोमीटर वेगाने उतरणारी गाडी तेवढ्यात ५ मीटर पुढे जाते. पॉवर प्रेसखाली बोटे सापडण्यास तर इतकाही अवधी लागत नाही.

मानसशास्त्रीय चाचण्या आपल्याकडे नवीन नाहीत. कुंझरू समितीच्या शिफारशींनंतर रेल्वेने चालकांसाठी त्या सुरू केल्या. मात्र भरतीच्या वेळची चाचणी माणसाची पात्रता सांगते, आज रात्रीची अवस्था सांगत नाही. म्हणून कामगाराची तुलना शेजाऱ्याशी न करता, विश्रांती घेतलेल्या दिवशीच्या त्याच्या स्वतःच्या नोंदीशीच करणे योग्य. वयस्क कामगाराचा हात किंचित सावकाश चालतो. तेवढ्यावरून त्याला अपात्र ठरविणे अन्यायाचे होईल.

खरी अडचण मजुरीची आहे. चाचणीत मागे पडल्यास दिवस बुडणार असेल, तर थकवा लपविण्याकडेच कल राहणार. अशा कामगारास त्या पाळीपुरते यंत्रापासून दूरचे काम, मजुरीत कपात न करता, देण्याची तजवीज आधी हवी. तसेच प्रेसला संरक्षक जाळी व दोन्ही हातांनी दाबावयाची कळ न बसविता केवळ चाचणी घेणे म्हणजे यंत्राचा दोष माणसाच्या माथी मारणे होय.

चाचणी पाळीच्या आरंभी घ्यावीच. शिवाय पहाटे तीनच्या सुमारास, डोळे जड होतात तेव्हा, पुन्हा एकदा घ्यावी.