खाऱ्या पाण्याचा हिशेब
मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली समुद्रकाठीच सुरू झाले. करोंदला समुद्र कोठून आणावा? येथे समुद्री मासे पाळावयाचे तर तयार क्षारमिश्रण विकत घ्यावे लागते, आणि ते महाग. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. त्यात समुद्रातील इतर क्षार पुरेसे नसतात.

लिटरला सुमारे ३५ ग्रॅम धरावे. ४० लिटरच्या टाकीतील दशांश पाणी पंधरवड्यास बदलले, तर १४० ग्रॅम पुरतात. मिश्रण आदल्या दिवशीच बादलीत विरघळवावे.

उधळपट्टी होते ती निराळीकडे. पाण्याची वाफ होते, क्षार मागेच राहतात. तरी नवशिका तूट खाऱ्या पाण्यानेच भरतो. माझे दोन मासे असेच दगावले. टाकीवर पातळीची खूण करावी आणि तूट रोज क्लोरीन काढलेल्या गोड्या पाण्याने भरावी.