रक्तात फंगस शिरलं, तर कोण वाचतं?

प्रश्न : शेजारच्या काकांना आयसीयूत असताना ‘रक्तात फंगस’ झालं, असं डॉक्टर म्हणाले. पावसाळ्यात भाकरीवर, चपलांवर बुरशी धरते. ती रक्तात जाते कशी? आणि त्यातून काही जण वाचतात, काही नाही, हे कसं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : भाकरीवरची बुरशी वेगळी. रक्तात सापडते ती बहुधा कॅन्डिडा, आणि ती आपल्या आतड्यात, तोंडात, त्वचेवर एरवी निमूट राहत असते. जोरदार अँटिबायोटिकांनी आतड्यातले जिवाणू मेले की तिला रान मोकळं मिळतं. त्यात पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन (औषधं देण्याची नळी) असेल, तर रक्तात उतरायला वाटही सापडते.

वय, मूळ आजार किती गंभीर, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत का, यावर रुग्णाचं बरंच भवितव्य ठरतं. ते बदलता येत नाही. वेळ मात्र साधता येते. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, कल्चरसाठी (बुरशी वाढवून पाहण्याच्या तपासणीसाठी) रक्त घेतलं त्याच दिवशी फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध सुरू झालेल्यांपैकी 15 टक्के दगावले. तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर सुरू झालेल्यांपैकी 41 टक्के. गोची अशी, की कल्चरमध्ये बुरशी दिसायलाच दोन-तीन दिवस जातात आणि सुमारे निम्म्या रुग्णांत ती दिसतच नाही. म्हणून अत्यवस्थ रुग्णाला डॉक्टर कधीकधी नुसत्या संशयावर औषध देतात. ‘रिपोर्ट नाही आणि एवढं महागडं इंजेक्शन?’ असं नातेवाइकांना वाटतं, पण माझ्या मते इथे डॉक्टरांचंच बरोबर असतं.

सेंट्रल लाइनवर बुरशीचा चिवट थर बसतो. शक्य असेल तेव्हा ती लवकर काढलेली बरी. कॅन्डिडाची जातही पाहावी लागते. भारतातल्या 27 आयसीयूंच्या पाहणीत कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस सर्वाधिक आढळली आणि 30 दिवसांत सुमारे 45 टक्के रुग्ण दगावले. कॅन्डिडा ऑरिस ही 2009 साली जपानमध्ये प्रथम नोंदलेली जात तर फ्लुकोनाझोलला सहसा दाद देत नाही, शिवाय रुग्णालयात एकाकडून दुसऱ्याकडे पसरते. म्हणून गंभीर रुग्णांत आता कॅस्पोफंगिनसारख्या औषधांनी सुरुवात करतात.

ताप उतरला म्हणून इंजेक्शनं थांबवण्याचा आग्रह मात्र धरू नका. रक्त बुरशीमुक्त झाल्यावरही किमान 14 दिवस औषध लागतं. बुरशी डोळ्यातही उतरू शकते. काकांचे डोळे तपासले का, तेवढं डॉक्टरांना जरूर विचारायला सांगा.