शब्दांवाचून गिटार

आमच्या हसनाबादला भजनात पेटी शब्दांमागून चालते. शब्दांवाचून वाद्य एकटे उभे राहील का? चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर गायक-संगीतकारांची नावे असत. वादक बहुधा निनावीच राही. व्हॅन शिप्ले यांनी विजेच्या गिटारवर त्याच गीतांच्या धून वाजवल्या, तेव्हा तबकडीवर वादकाचे नाव आले. परंतु ऐकणारा मनात शब्द म्हणतच असे. ब्रिजभूषण काबरा यांनी तोही आधार सोडला. गिटार आडवी ठेवून तारेवर पोलादी कांब सरकवली, की पडद्यांची अडचण उरत नाही, मींड साधते. त्यावर त्यांनी राग वाजवले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त संतूर-बासरीशेजारी त्यांची गिटार बरोबरीने बोलते. नाव मिळवणे अवघड खरे. पण स्वतःचे संगीत मिळवणे, माझ्या मते, त्याहून अवघड.