विशेषणांचे राजकारण : नामवंत स्त्रिया आणि आपली वृत्तपत्रे

वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीत एक वर्तमानपत्र आजही तीन-चार घरांत फिरते, आणि जाता जाता त्यावर टीकाटिप्पणीही होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या महिला संघाने नेरूळच्या मैदानावर विश्वचषक जिंकला, तेव्हा आठवडाभर दुसरा विषय नव्हता. स्मृती मानधनाने त्या स्पर्धेत ४३४ धावा काढल्या. पण पुढे त्या धावांपेक्षा तिच्या लग्नाच्या बातम्यांनीच अधिक रकाने भरले. फलंदाजी कशी झाली हे विसरलेल्या माणसालाही लग्नाचे काय झाले हे ठाऊक होते. हा दोष एखाद्या वार्ताहराचा नव्हे. ही सवय जुनी आहे. किती जुनी, हे पाहण्यासाठी फार लांब जायला नको, कल्याणपर्यंत गेले तरी पुरे.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ सालचा, कल्याणचा. १८८६ मध्ये त्या अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. मराठी वृत्तपत्रांनी त्यांचा गौरव केला, आणि तो योग्यच होता. आता दुसरी तारीख पाहा. ४ मार्च १८८७, म्हणजे जेमतेम आठवड्यानंतर, मुंबईच्या उच्च न्यायालयाने रखमाबाईंना हुकूम दिला : महिन्याभरात पतीच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. अकराव्या वर्षी, न कळत्या वयात लागलेले लग्न आपल्याला मान्य नाही, एवढेच त्या म्हणत होत्या. तुरुंगात जाण्याची त्यांची तयारी होती. त्यांच्यावर 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी कडाडून टीका केली. इंग्रजी शिक्षण दिले की मुली अशा बिघडतात, असा त्या टीकेचा सूर होता.

शिक्षण तर दोघींनीही घेतले. मग एकीला मान आणि दुसरीला दूषण का? माझ्या मते मोजपट्टी एकच होती : पती. आनंदीबाईंच्या मागे गोपाळराव उभे होते, रखमाबाई पतीच्या समोर उभ्या होत्या. कर्तृत्वाचे वजन झालेच नाही. याच रखमाबाई पुढे लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरतेला त्यांनी वर्षानुवर्षे रुग्णसेवा केली. पण आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव किती जणांनी वाचले आहे?

गौरवातही हीच खोड दिसते. आनंदीबाईंचे कॅरोलिन डॉल यांनी लिहिलेले इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये बोस्टनला निघाले. त्याच्या मुखपृष्ठावरच त्यांची ओळख 'पंडिता रमाबाईंची नातलग' अशी करून दिली आहे. श्री. ज. जोशी यांची १९६८ ची कादंबरी घराघरांत पोचली, ती 'आनंदी गोपाळ' या जोडनावाने. कादंबरी दोघांची आहे, तेव्हा नावाला माझी तक्रार नाही. पण एकट्या 'आनंदीबाई' आपल्याला क्वचितच भेटतात, हेही खरे.

भाषेकडे वळू. समीक्षेत आपण 'मर्ढेकर' म्हणतो, 'तेंडुलकर' म्हणतो. पण 'दुर्गाबाई' आणि 'इरावतीबाई'. कुणी म्हणेल, 'कर्वे' म्हटले तर धोंडो केशव की र. धों., की इरावतीबाई, असा घोळ होईल. खरे आहे. मग 'भागवत' म्हणायला काय हरकत होती? मृणाल गोरे यांनी गोरेगावच्या पाण्यासाठी लढा दिला, १९७२ मध्ये त्या आमदार आणि १९७७ मध्ये खासदार झाल्या. त्यांचे 'पाणीवाली बाई' हे नाव लोकांनी प्रेमाने ठेवले, त्यात माया होती. मात्र वृत्तपत्रांनी तेच बिरूद जन्मभर पुरवले. महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मोर्चे निघाले तेव्हा लाटणे लक्षात राहिले, त्यामागचा भावांचा हिशेब मागे पडला. 'रणरागिणी' हा शब्द तर सरसकट कोणत्याही मोर्चेकरी बाईला चिकटतो. पुरुषाने मोर्चा काढला की तो नुसता 'नेता' असतो.

जून २०१७ मध्ये विश्वचषकापूर्वी एका वार्ताहराने मिताली राजला विचारले, तुमचा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण? तिने उलट विचारले, हाच प्रश्न तुम्ही पुरुष खेळाडूंना विचारता का? आवडती महिला खेळाडू कोण, असे? मुलाखत घ्यायला जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा प्रतिप्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

अभ्यास म्हणून आम्ही वर्गात एक प्रयोग केला. एका महिला अधिकाऱ्यावरचा कौतुकाचा लेख घेतला आणि नाव तेवढे पुरुषाचे घातले. 'घरसंसार सांभाळून त्यांनी हे यश मिळवले', 'साधी राहणी, चेहऱ्यावर सात्त्विक हसू', 'सणावाराला स्वतः पुरणपोळ्या करतात', अशी वाक्ये मोठ्याने वाचताना वर्ग हसून लोटपोट झाला. मग तोच लेख मूळ नावाने पुन्हा वाचला. या वेळी कुणी हसले नाही; शेवटच्या बाकावरून एक मुलगी एवढेच म्हणाली, "सर, पण यात त्यांचे काम काय, ते कुठे लिहिले आहे?" आम्ही लेख पुन्हा वरपासून चाळला. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, दीड ओळीत ते सापडले.