टाचेतील रक्ताचा एक थेंब

रक्तातील संप्रेरकांचे प्रमाण अत्यल्प असते. ते नेमके मोजणे दीर्घकाळ अशक्यप्राय होते. न्यूयॉर्कमधील माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझलिन यालो व सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सर्गी आयोडीनच्या साहाय्याने इन्शुलिन मोजण्याची पद्धती १९५९-६० च्या सुमारास सिद्ध केली. तिचे पेटंट मात्र उभयतांनी घेतले नाही. जमाखर्च पाहणाऱ्या माझ्यासारख्यास याचे मोल विशेष वाटते. १९७७ मध्ये यालो यांना नोबेल पारितोषिक लाभले. बर्सन तत्पूर्वीच दिवंगत झाले होते.

याच तत्त्वावर क्यूबेकमध्ये जाँ द्युसो यांनी वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यातून थायरॉईडचे संप्रेरक मोजले आणि १९७४ मध्ये तेथे नवजात बालकांची तपासणी सुरू झाली. जन्मतः या संप्रेरकाची उणीव असलेले बाळ बहुधा निरोगीच दिसते, कारण गर्भात मातेच्या संप्रेरकाने त्यास काही अंशी सांभाळलेले असते. लक्षणे उमटेपर्यंत थांबल्यास मेंदूची झालेली हानी सहसा भरून येत नाही. पहिल्या पंधरवड्यात लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू झाल्यास बहुतेक बालकांची बौद्धिक वाढ सर्वसाधारण होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या बहुकेंद्री पाहणीत सुमारे १,१०० नवजातांमागे एकास हा विकार आढळला.

जन्मानंतर लगेच रक्तातील टीएसएच स्वाभाविकपणेच वाढते, म्हणून नमुना शक्यतो दोन दिवसांनंतर घेतात. अहवाल येईपर्यंत बाळंतीण घरी, पुष्कळदा माहेरी, गेलेली असते. फेरतपासणीचा निरोप वेळेत पोहोचावा यासाठी आप्तांनी प्रसूतिकक्षाच्या नोंदवहीत माहेरचा पत्ता व दूरध्वनी क्रमांकही अवश्य लिहून द्यावा.